पान्यावरचा पट्टा

भावेशने तुटलेला पाना दोन्ही तळहातांवर आडवा धरून आणला, ताटात नारळ आणावा तसा.

"वैनी, हा पन गेला."

वेणूने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. सतराचा रिंग पाना. गोल तोंड एका तुकड्यात, दांडा दुसऱ्यात, आणि दोन्ही तुकड्यांच्या टोकाला थोडाथोडा हिरवा ऑइलपेंट.

"पाईप घातला होतास?"

"नाय."

"हातोडा?"

"आईशप्पत नाय. नुसत्या हातान ओढत व्हतो. सायलेन्सरचा नट, तो पन आधीच ढिला झालेला. कट् करून आवाज आला न् माझी बोटं गेली चॅसिसवर." त्याने उजव्या हाताची सोललेली बोटं दाखवली. कातडी निघाली होती, बाकी ठीक होतं.

वेणूची तपासणी या दोन प्रश्नांवर संपायची. पाईप म्हणजे पान्याच्या दांड्यावर लांब नळी चढवून जोर दुप्पट करणं, आणि हातोडा म्हणजे पान्यावरच ठोकणं. दोन्ही केलं की कंपनीची वॉरंटी गेली. उत्तर खरं की खोटं हे ती पान्याकडे बघून नाही, माणसाकडे बघून ठरवायची, आणि भावेश खोटं बोलायला लागला की त्याच्या कानाची पाळी लाल व्हायची. आज पाळी लाल नव्हती. तिने मागच्या फळीवरून नवा सतराचा काढून दिला आणि तुटके तुकडे काउंटरखालच्या लाकडी पेटीत टाकले. पेटीत ते पडले तेव्हा आवाज खोल गेला नाही. पेटी भरत आली होती.

समोरच्या चहाच्या गाडीवरून प्रणित हे सगळं बघत होता. त्याचं गॅरेज गल्लीत सर्वांत मोठं आणि तोंड त्याहून.

"वैनी, पाने विकता का पापड?"

"पापडच आहेत. तुला भाजून देऊ?"

चहावाल्यासकट सगळे हसले. वेणूही हसली. पण भावेश गेल्यावर तिने पेटीचं झाकण लावलं आणि त्यावर थोडा वेळ हात ठेवून उभी राहिली. वर्षभरापूर्वीपर्यंत ही पेटी कधी अर्धीसुद्धा भरली नव्हती.

वेणूचं दुकान उरण नाक्याच्या पुढे, ट्रेलर, डंपर आणि टेम्पो दुरुस्त करणाऱ्या गॅरेजांची गल्ली सुरू होते तिच्या तोंडाशी. सासर गव्हाणचं, मिठागरांचं. मिठागरं सरकारने घेतली, मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट आले, आणि घरातल्या प्रत्येकाने आपापलं काही उभं केलं. एका दिराने बिल्डिंग बांधली, दुसऱ्याने लग्नाचा हॉल काढला. वेणूने एक गाळा मागितला. दिरांना वाटलं, साड्यांचं दुकान टाकेल. ती बेलपाड्याच्या डंपर मेकॅनिकची मुलगी होती; तिने पाने, पकडी आणि नटावर बसवायचे गोल सॉकेट भरले.

सुरुवातीला तिने स्वस्त माल ठेवला. खाकी कागदात गुंडाळून यायचा तो. महिनाभरात पान्याचं तोंड फाकायचं, नटावर घसरायला लागायचं. गिऱ्हाईक भांडायला यायचं नाही. ते परत यायचंच नाही, आणि वेणूला ते भांडणापेक्षा जास्त लागायचं. मग तिने चांगल्या कंपनीचा माल धरला. या कंपनीची अट सरळ होती: कारागिराच्या हातात, रीतीने वापरताना हत्यार तुटलं तर दुकानात आणा, तिथल्या तिथे नवं घ्या. कधीही. वेणूने हे गल्लीत नुसतं सांगितलं नाही, पाटीवर लिहून घेतलं.

पाटी रंगवली दाजींनी. दाजी म्हणजे तिचे चुलत सासरे. ऐन उमेदीत त्यांनी पनवेल ते उरणपर्यंतच्या निम्म्या ट्रकांच्या पाठी रंगवल्या होत्या, होड्यांची नावं लिहिली होती. मग छापील स्टिकर आले आणि ब्रशचं काम संपलं. वेणूच्या पाटीवर त्यांनी लाल अक्षरं काढून त्यांना निळी सावली दिली होती. 'पाना तुटला? घेऊन या. नवा न्या.' दोन्ही बाजूंना ट्रकच्या मागच्या फाळक्यावर असतं तसं एकेक कमळ. पाटी सहा पावलांवरूनही वाचता यायची आणि नाक्यावरूनही.

दाजींना आता वर्षातून एकच मोठं काम उरलं होतं, पण ते सगळ्या गल्लीचं होतं. हायवेवर एखादा ट्रेलर आडवा झाला की तीनचार गॅरेजची माणसं एकदम धावतात, पाने एकमेकांत मिसळतात, आणि संध्याकाळी कुणाचा चौदा आणि कुणाचा सोळा यावरून वाद होतात. म्हणून प्रत्येक गॅरेजचा एक रंग. भावेशचा हिरवा, जगनचा पिवळा, प्रणितचा लाल आणि त्यावर पांढरी रेघ. तोंडाच्या खाली, दांड्याच्या मानेवर बोटभर पट्टा. वर्षभरात तो झिजतो, ग्रीसने काळा पडतो. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळे आपली हत्यारं वेणूच्या दुकानाच्या पायरीशी आणतात, दाजी जुना पट्टा काढून नवा मारतात, आणि दुसऱ्या दिवशी पूजेला सगळी हत्यारं कोरी करकरीत दिसतात. दाजी याचे पैसे घेत नाहीत. नारळ घेतात आणि इतके नारळ जमतात की गव्हाणच्या घरी दिवाळीपर्यंत खोबऱ्याच्या वड्या चालतात.

दसरा आता तोंडावर आला होता. आणि त्याच आठवड्यात कंपनीची चारुता आली.

चारुता खांदा कॉलनीत राहायची. इंजिनिअर होती आणि जिल्ह्यातल्या सगळ्या दुकानांच्या वॉरंटीचं काम तिच्याकडे होतं. स्कूटर लावून ती आत आली आणि हेल्मेट हातातच ठेवून म्हणाली, "वेणूताई, चहा नको. आधी वाईट बोलून घेते."

"चहा घेऊन बोला. वाईट पोटात काही असलं की बरं उतरतं."

चहा आला. चारुताने दोन घोट घेतले. "बाकी अख्ख्या रायगडमधून जेवढे क्लेम येतात ना, त्याहून जास्त तुमच्या एका काउंटरवरून येतायत. ऑफिसला आधी वाटलं, लॉट खराब असेल. लॉट चेक केला. तोच माल पेणला गेलाय, अलिबागला गेलाय. तिथं काहीच प्रॉब्लेम नाही."

"मग राहिले मी."

"तुम्ही. नाहीतर तुमची गल्ली. दिवाळीनंतर तुमचं काउंटर बंद करा म्हणतायत. म्हणजे माल मिळेल, पण बदलून इथं मिळणार नाही. तुटला तर कस्टमरने कंपनीला कुरिअर करायचा."

वेणूने समोर बघितलं. भावेश एका टेम्पोखाली झोपला होता. फक्त चपला दिसत होत्या. "तो कुरिअर करेल?"

चारुतानेही चपलांकडे बघितलं.

"बदलून मिळत नाही म्हटल्यावर माझ्याकडून कोण घेईल? खाकी कागदातला माल नाक्यापलीकडे मिळतोच." वेणूने वाकून पेटी ओढली आणि काउंटरवर उपडी केली. "घ्या. तुम्हीच बघा काय झालंय ते. मला पाईपची खूण कुठं दिसली नाही."

चारुताने एक तुकडा उचलला, मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन तुटलेली बाजू मोठी करून पाहिली. मग दुसरा, मग तिसरा.

"वेणूताई, पाना जास्त ओढला गेला तर आधी तोंड फाकतं, दांडा थोडा तरी वाकतो. यातला एकही वाकलेला नाही. काचेसारखे तुटलेत. आणि आतला दाणा बघा."

वेणूने बघितलं. तुटलेली बाजू खडीसाखर फोडल्यासारखी चकाकत होती.

"हा पाना तापलाय. लाल होईपर्यंत तापवून गार पाण्यात बुडवला की लोखंड असं ठिसूळ होतं."

"पाने कोण तापवणार? जेवायला वेळ नसतो यांना."

"मला नाही माहीत. पण तापलाय."

हात रिकामा राहिला की वेणू काहीतरी लावून ठेवायला लागायची, तशी ती तुकडे लावायला लागली. तोंडाला त्याचा दांडा, आणि रंगाप्रमाणे ओळी. हिरवे भावेशचे, पिवळे जगनचे, लाल-पांढरे प्रणितचे. सगळे जुळवून झाले आणि तिचा हात थांबला. प्रत्येक पाना पट्ट्यातच तुटला होता. कुठे पट्ट्याच्या मधून, कुठे कडेने, पण पट्ट्यातच. एकही दांडा मधोमध गेलेला नव्हता. सॉकेटवर पट्टा मारत नाहीत, आणि पेटीत सॉकेट एकही नव्हतं.

चारुतानेही ते पाहिलं. तिने काउंटरवरचं ब्लेड घेऊन एका पिवळ्या पट्ट्याचा रंग खरवडला. खालच्या चकचकीत मुलाम्यावर निळी-सोनेरी झाक होती, पाण्यावर सांडलेल्या रॉकेलसारखी.

"हा रंग कोण लावतं?"

"आमच्यात दसऱ्याला लावतात."

"पण रंग लावताना तापवायचं कशाला?"

"लावताना नाही," वेणू सावकाश म्हणाली. "काढताना."

तिला सगळं दिसलं. दाजी आधी जुना रंग पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढायचे. मागच्या दसऱ्याच्या आधी त्यांचा खांदा धरला. त्यांच्या मुलाची टेरेसच्या वॉटरप्रूफिंगची कामं चालतात. त्याने साइटवरची गॅसची बत्ती आणून दिली, जिने गच्चीवर डांबराच्या शीट चिकटवतात ती. दाजी दुकानाच्या पायरीवर बसले, बत्तीची निळी ज्योत पान्याच्या मानेवर धरली, रंग फुगून जळून गेला, मान लाल झाली, आणि लगेच हातात धरता यावा म्हणून त्यांनी पाना पाण्याच्या बादलीत बुडवला. चुर्र झालं. दिवसभराचं काम दुपारपर्यंत संपलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. वेणूनेही. बादली तर तिच्याच दुकानातली होती.

"तापवणं वॉरंटीत बसत नाही," चारुता म्हणाली. "कार्डावर लिहिलंय तसं."

"इंग्रजीत."

चारुताने कार्ड काढून उलटंपालटं केलं. "हो. इंग्रजीत."

"आणि माझ्या पाटीवर तेवढंही नाही."

चारुताने हेल्मेट खाली ठेवलं. ती आता ऑफिसातून आलेली वाटत नव्हती. "मी रिपोर्ट लिहिते. कारण सापडलं, बंद झालं, असं लिहिता आलं तर काउंटर वाचेल. पण बंद व्हायला पाहिजे, वेणूताई. या दसऱ्याला परत बत्ती लागली तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"नाही लागणार," वेणू म्हणाली. पण कशी नाही लागणार, हे तिलाही माहीत नव्हतं.

दोन दिवस ती विचार करत राहिली. गल्लीत एकेकाला बाजूला घेऊन सांगता आलं असतं की यंदा दाजींकडे पाने देऊ नका. मग त्या दिवशी दाजी ब्रश धुऊन, डबे घेऊन पायरीवर बसतील आणि कुणी येणार नाही. हे डोळ्यांसमोर आलं आणि तिने तो विचार तिथेच सोडला. बत्ती बिघडवून ठेवावी, असंही एकदा मनात आलं. पण मुलगा दुसरी आणून देईल, त्याच्याकडे अशा चार आहेत. कंपनीवर ढकलावं, तर कंपनीनेच खरं शोधून दिलं होतं. शेवटी तिने दुकानातले दोन जुने, नमुन्याला ठेवलेले पाने घेतले, दोन्हींवर स्वतःच्या हाताने निळा पट्टा मारला, वाळू दिला, आणि भर दुपारी रिक्षा करून गव्हाणला गेली. रस्ताभर ती वाक्यं जुळवत होती.

दाजी मुलाच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बसायचे. वर फ्लॅट होता, पण रंगाचा वास सुनेला सोसत नाही म्हणून त्यांनी खालचा एक खांब आपलासा केला होता. त्या खांबावर चारी बाजूंनी गुलाब, मोर आणि एक निळा ट्रक होता. बाकीचे खांब बिल्डरने दिले तसे पांढरे होते आणि त्याच्याशेजारी उपाशी दिसत होते.

"ये गो ये, वेणू. डबे आनलेस का? यंदा जगन पिवळा नको म्हंतो. केशरी मागतो. मी त्याला म्हटला, केशरी न् प्रणितचा लाल लांबून एकच दिसंल."

"डबे आणते नंतर. दाजी, एक पट्टा काढून दाखवा ना. हे दोन पाने आहेत."

दाजींचा चेहरा खुलला. बत्ती दाखवायला त्यांना कारण लागायचं नाही. त्यांनी सिलिंडरची चावी फिरवली, ज्योत बारीक केली, पाना सांडशीत धरला. निळा रंग फुगला, काळा पडला, गळून गेला. मान लाल झाली. चुर्र.

"बग. चकाचक. पयला हाच एक पाना घासायला चहा गार व्हायचा."

वेणूने तो पाना घेतला, दोन विटांवर आडवा ठेवला आणि हातोडा मारला. एकच घाव. पाना मानेत तुटला आणि तोंड गडगडत मोराच्या पायाशी जाऊन पडलं.

दाजींनी तुकडा उचलला. "ह्या गो! कसला माल ठेवतेस? दुकानाचा नाव घालवशील."

"आता दुसरा तुम्ही मारा. न तापवता."

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग दुसरा पाना विटांवर ठेवून मारला. हातोडा उसळून वर आला. त्यांनी परत मारला, मग त्याहून जोरात. पाना जरासा वाकला, तुटला नाही.

वाकलेला पाना सांडशीत धरून त्यांनी स्वतःच बत्ती लावली. रंग जळाला, मान लाल झाली, पाण्यात गेली. त्यांनी तो विटांवर ठेवला आणि हलक्या हाताने, जवळजवळ नको असल्यासारखा, हातोडा मारला. दोन तुकडे.

वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. दाजी खांबाला टेकून खाली बसले.

"मी आग रंगाला लावत व्हतो," ते म्हणाले. "लोखंडाला लागते, ते बगितलाच नाय."

रिक्षात जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही वेणूच्या कामाला येईना.

"कोनाला लागला का?"

"भावेशची बोटं खरचटली. बाकी कुणाला नाही."

"डोल्याला-बिल्याला?"

"नाही दाजी. खरंच नाही."

त्यांनी सिलिंडरची चावी बंद केली, बंद झाली की नाही ते परत फिरवून पाहिलं. "नवमीला मना बोलवू नको."

"बोलवायला आलेच नाही मी," वेणू म्हणाली. "एक दिवस आधी या, हे सांगायला आले. खरवडायला वेळ लागतो. नेहमीच्या दिवशी बसलात तर पूजेपर्यंत रंग वाळायचा नाही."

"खरवडायला खांदा कुठं हाय?"

"खांदे गल्लीत आहेत. तुम्ही फक्त ब्रश धरा."

दाजींनी खांबावरच्या ट्रककडे पाहिलं. "प्रणितला बसवशील खरवडायला?"

"पहिला."

"त्यान जन्मात कदी ग्रीस पन स्वतः पुसला नाय." दाजींच्या ओठाचा कोपरा हलला. मग ते परत गंभीर झाले. "लोकांना काय सांगशील?"

"आहे ते. तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मीच सांगतो. तू सांगितलास तर मना वाचवून सांगशील."

ती परत नाक्यावर पोचली तेव्हा चारुताचा फोन आला. ऑफिसने रिपोर्ट वाचला होता. वॉरंटी कार्डातली अट मराठीत कुठेच नव्हती, हा चारुताचा मुद्दा त्यांना पटला होता. या गल्लीतले तापलेले सगळे पाने कंपनी एकदा, फक्त एकदा, बदलून देणार होती. काउंटर चालू राहणार होतं. त्याला एक अट होती: दुकानात मराठीत, ठळक, सगळ्यांना दिसेल असं लिहायचं की काय केलं तर बदलून मिळणार नाही.

"फ्लेक्स छापून पाठवू का?" चारुताने विचारलं.

"नको," वेणू म्हणाली. "पेंटर आहे आमच्याकडे."

यंदा गल्ली खंडेनवमीच्या दोन दिवस आधीच बंद झाली. पायरीसमोर ताडपत्री अंथरली होती आणि तिच्यावर गॅरेजागणिक हत्यारांचे ढीग. दाजी पायरीवर उभे राहिले. त्यांना भाषणाची सवय नव्हती, म्हणून त्यांनी भाषण केलं नाही.

"पोरांनो, वर्सभर तुमचे पाने तुटले ते माझ्या बत्तीनं. रंग काढताना मी लोखंड जालला. वेणूचा माल चांगला व्हता. मना ठाव नव्हता, आता ठाव झाला. यंदा बत्ती नाय. पट्टी घ्या न् खरवडायला बसा."

जगनने हातातल्या पान्याकडे असं पाहिलं, जणू घरातल्याच माणसाबद्दल कुणीतरी काहीतरी नवं सांगितलं होतं. मग प्रणितने घसा साफ केला.

"म्हंजे वैनीचे पाने पापड नव्हते?"

"पापडच व्हते रं," दाजी म्हणाले. "मीच भाजले."

आधी भावेश हसला, मग सगळेच, आणि सगळ्यांत मोठ्याने दाजी. वेणूला आत जाऊन काहीतरी आणायचं आठवलं. ती आत गेली, डोळे पुसले, आणि रंगाचे डबे घेऊन बाहेर आली.

प्रणितला पहिली पट्टी मिळाली. त्याने आधी हातरुमाल अंथरला, मग त्यावर बसला. खरवडलेला प्रत्येक पाना चारुता उन्हाकडे धरून बघायची. निळी झाक दिसली की लाकडी पेटीत, नाही तर दाजींकडे. पेटीतल्या प्रत्येकाच्या बदली नवा पाना मिळत होता. जगनने एक पाना पेटीत टाकायला दिला नाही. झाक होती, पण तो त्याच्या पहिल्या संचातला होता. "हा कामाला नाय वापरनार," तो म्हणाला. "पुजेला ठेवीन." चारुताने तो दाजींकडे सरकवला आणि दाजींनी त्याला केशरी पट्टा मारला. लांबून तो लालच दिसत होता.

दुपारी पाटी उतरवली. दाजींनी ती मांडीवर घेतली आणि त्यांच्या लक्षात आलं की तिच्यावर जागाच नाही. अक्षरं मोठी काढली होती आणि उरलेल्या जागेत दोन कमळं.

चारुताने मोबाइलवर तयार केलेला मजकूर वाचला. "अतिरिक्त दाब, आघात अथवा उष्णता यांमुळे झालेली हानी या योजनेत समाविष्ट नाही."

"एवडा लांब कोन वाचनार?" दाजी म्हणाले. "ट्रकच्या मागं मावंल तेवडाच लोक वाचतात."

त्यांनी बराच वेळ पाटी जवळ आणि लांब धरून पाहिली. मग ब्रश पांढऱ्यात बुडवून डाव्या बाजूचं कमळ झाकून टाकलं. वेणू काही बोलायच्या आत ते झाकलं गेलं होतं. ऊन उतरेपर्यंत पांढरा वाळला आणि मग त्या जागेत त्यांनी एकाखाली एक तीन ओळी काढल्या, लाल अक्षरांना निळी सावली देऊन:

पाईप नको.
हातोडा नको.
आग नको.

चारुताने वाचलं, मजकुराशी ताडून पाहिलं आणि फोटो काढून ऑफिसला पाठवला. "सगळं आलंय," ती म्हणाली.

"थांब गो. एक राहिला." दाजींनी सर्वांत बारीक ब्रश घेतला. पूर्वी ट्रकच्या फाळक्याच्या कोपऱ्यात लिहायचे तसं, शेवटच्या ओळीखाली बारीक अक्षरात त्यांनी लिहिलं: दाजी, गव्हाण.

पाटी परत चढली. एका बाजूला कमळ, दुसऱ्या बाजूला तीन ओळी. तोल थोडा गेला होता, पण नाक्यावरून वाचता येत होतं.

दसरा झाला. हत्यारांना झेंडू आणि हळदकुंकू लागलं, एक दिवस गल्लीत शांतता होती, आणि मग ट्रेलर परत रांगेला लागले. काउंटरखालची पेटी चारुता घेऊन गेली होती. तिच्या जागी वेणूने रिकामी पेटी ठेवली. ती बरेच दिवस रिकामीच राहिली.

मग एका सकाळी भावेश आला. हातात बाविसाचं सॉकेट, उभी चीर गेलेलं.

वेणूने चष्मा डोळ्यांवर ओढला. "पाईप?"

"नाय."

"हातोडा?"

"नाय."

वेणूने त्याच्या कानाच्या पाळीकडे पाहिलं. मग तोंड उघडलं, पण तिसरा प्रश्न विचारायची गरज पडली नाही. भावेशने मान वर करून पाटीकडे बोट दाखवलं.

"वाचता येतो मना, वैनी."

तिने मागच्या फळीवरून नवं बाविसाचं काढून त्याच्या हातावर ठेवलं.